राणीच्या बागेचे फाटक कोणासाठी?

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला मुंबईकर आजही राणीची बाग म्हणतात. त्या बागेविषयी गेली काही वर्षे जो वाद चालला आहे, त्यात दोन्ही बाजू बागेच्या एका कोपऱ्याविषयीच बोलत आहेत. एक बाजू सांगते की २०१६ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आले, पुढच्या वर्षी ते लोकांसाठी खुले झाले, गर्दी वाढली, उत्पन्न वाढले, म्हणजे महापालिकेचा निर्णय योग्य ठरला. दुसरी बाजू सांगते की पेरू-चिलीच्या थंड प्रवाहाच्या किनाऱ्यावरचे पक्षी मुंबईच्या दमट हवेत वातानुकूलित दालनात ठेवणे ही उधळपट्टी आहे, आणि २०१७ मध्ये प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून थेट ५० रुपयांवर नेणे हा सामान्य माणसावरचा अन्याय आहे. या भांडणात पक्षीय राजकारण शिरल्यापासून पेंग्विन हा शब्दच टोमण्यासारखा वापरला जाऊ लागला. या सगळ्या गदारोळात बागेतल्या तीन हजारांहून अधिक झाडांचा उल्लेख कोणी करत नाही, आणि फाटकातून आत शिरताच समोर उभ्या असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचाही करत नाही.

माझे म्हणणे असे आहे की राणीची बाग ही आधी वनस्पतींची आणि कलेची जागा आहे. प्राणिसंग्रहालय हा तिला नंतर जोडलेला भाग आहे. म्हणून बागेचे मुख्य फाटक सर्वांना विनामूल्य असावे, तिकीट फक्त प्राण्यांच्या विभागाला लावावे, आणि बाग व संग्रहालय यांचा कारभार एकमेकांना धरून चालावा. पेंग्विन ठेवायचे की नाहीत हा प्रश्न यानंतरचा आहे. तो आधी घेतल्यामुळेच वाद भरकटला आहे.

या म्हणण्याला आधार इतिहासाचा आहे. गिरण्यांचे भोंगे वाजू लागण्यापूर्वी माझगाव-भायखळा हा धनिकांच्या बंगल्यांचा आणि वाड्यांचा भाग होता. शहराची घोड्यांची शर्यतही तेव्हा भायखळ्यालाच होत असे. ती १८८३ मध्ये महालक्ष्मीला गेली. याच परिसरातल्या माउंट इस्टेट नावाच्या मालमत्तेवर १८६२ मध्ये ही बाग उभी राहिली. ती उभारणाऱ्या पश्चिम भारताच्या कृषी-उद्यानविद्या संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली गेली. १८६२ मध्येच याच आवारात संग्रहालयाच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले. १८७३ मध्ये संस्था संपली आणि बाग नगरपालिकेकडे आली. प्राण्यांचे पिंजरे आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८९० च्या सुमारास. म्हणजे बाग आणि संग्रहालय ही जुळी भावंडे आहेत. हा योगायोग नव्हता. संग्रहालयाच्या उभारणीत पुढाकार घेणारे जॉर्ज बर्डवुड हे डॉक्टर होते, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींची सूची त्यांनी तयार केली होती. लाकूड, तेल, रंग, धागा, औषध ज्या झाडापासून मिळते ते झाड बागेत पाहावे आणि त्यापासून कारागिराने काय घडवले ते संग्रहालयात पाहावे, अशी ती एकसंध कल्पना होती.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हा सगळा इतिहास अभ्यासकांसाठी आहे, लोक येतात ते प्राणी पाहायला. हे खरे आहे, आणि ते कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. लालबाग-परळच्या चाळींतल्या कित्येक पिढ्यांनी आयुष्यातला पहिला हत्ती आणि पहिला वाघ राणीच्या बागेत पाहिला. कोकणातून किंवा देशावरून पाहुणे आले की त्यांना बागेत नेणे हा गिरणगावातल्या संसाराचा भाग होता. ज्यांना ताडोबाची सफारी परवडत नाही, त्या मुलांना वाघ दिसायलाच नको असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. जुन्या गजांच्या अरुंद पिंजऱ्यांपेक्षा आताची काही दालने प्राण्यांच्या दृष्टीने कितीतरी चांगली आहेत, हेही मान्य केले पाहिजे. पण लोक ज्यासाठी येतात तेवढेच जागेचे प्रयोजन मानायचे का? आणि लोकांना झाडांत रस नाही हे तरी कशावरून ठरवले? याच बागेत दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस महापालिकेचे पुष्पप्रदर्शन भरते तेव्हा रांगा लागतात, आणि तिथे आकर्षण फुलांचेच असते. लोकांना झाडे दाखवली की ते झाडे पाहतात. उरलेल्या दिवसांत ती दाखवण्यासाठी आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

सिंगापूरचे उदाहरण इथे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्या बागेची आणि आपल्या बागेची कुंडली जवळजवळ एकच आहे. सिंगापूरचे वनस्पती उद्यान १८५९ मध्ये तिथल्या कृषी-उद्यानविद्या संस्थेनेच सुरू केले. तेव्हा सिंगापूरचा कारभारही हिंदुस्थानातूनच चालत होता. ती संस्थाही पुढे चालली नाही आणि १८७४ मध्ये, आपल्यानंतर अवघ्या एका वर्षाने, ते उद्यान सरकारकडे गेले. तिथेही १८७५ मध्ये प्राणी आणून ठेवले गेले. इथपर्यंत दोन्ही वाटा सारख्या आहेत. सिंगापूरने मात्र १९०५ पर्यंत ते प्राणी हलवले, उद्यान वनस्पतींसाठी राखले, आणि पुढे १९७३ मध्ये मंडाई इथे वेगळे, प्रशस्त प्राणिसंग्रहालय उभारले. मूळ उद्यान २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. आज ते पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत विनामूल्य खुले असते. तिकीट लागते ते फक्त आतल्या ऑर्किड उद्यानाला. शेजारच्या गॅलप रोडवरच्या वसाहतकाळातल्या दोन जुन्या निवासी वास्तू उद्यानाला जोडून त्यांतल्या एकीत वनस्पतिचित्रांचे कलादालन २०२१ मध्ये सुरू झाले. साहेबांच्या राहत्या घराच्या भिंतींवर आज फुलापानांची चित्रे आहेत आणि ती पाहायला कोणीही जाऊ शकतो. सिंगापूरकडे पैसा आहे, शिस्त आहे, आपल्याकडे नाही, असे उत्तर लगेच येईल. पण १९०५ मध्ये सिंगापूर श्रीमंत नव्हते, आणि तेव्हा घेतलेल्या निर्णयाला पैसा नको होता. बाग कशासाठी आहे हे ठरवण्याची तयारी हवी होती.

दुसरा आक्षेप तिकिटाच्या बाजूने येतो. आई-वडील आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये हा दर आजच्या मुंबईत अन्यायाचा म्हणता येत नाही. एका मॉलमध्ये तेवढ्यात दोन चहासुद्धा मिळत नाहीत. दर वाढल्यावर गर्दी कमी झाली नाही, उलट वाढली, हेही खरे. जे तिकिटाला गरिबांवरचा अत्याचार म्हणतात, त्यांनी या दोन गोष्टींना उत्तर दिलेले नाही, आणि म्हणून त्यांचा युक्तिवाद लंगडा पडतो. माझा विरोध दर किती आहे याला नाही. तिकिटामुळे भेटीचे स्वरूप ठरते, याला आहे. प्राणी वर्षातून एकदा पाहून समाधान होते. वाघ जानेवारीत जसा दिसतो तसाच जुलैत दिसतो. झाडाचे तसे नसते. सीतेचा अशोक वसंताच्या सुरुवातीला केशरी-लाल गुच्छांनी भरतो, बहावा आणि ताम्हण उन्हाळ्यात फुलतात, गोरखचिंचेची मोठी पांढरी फुले रात्री उमलून दुसऱ्या दिवशी गळून पडतात. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी, जी भारतात फार थोड्या ठिकाणी आहे आणि जिच्यासाठी वृक्षप्रेमी दुरून राणीच्या बागेत येतात, ती वर्षातले थोडेच आठवडे आपले लाल-पिवळे झुंबर दाखवते. एकदा येऊन, शंभर रुपये वसूल करण्यासाठी पाच तास फिरून, थकून परत जाणाऱ्या कुटुंबाला यातले काय दिसणार? वनस्पती उद्यान समजायचे तर तिथे पुन्हा पुन्हा, थोडा थोडा वेळ जावे लागते. शाळेतून घरी जाताना, दवाखान्यातल्या रुग्णाला भेटून परतताना, दुपारच्या सुट्टीत. अशा भेटीला ५० रुपये फार होतात. ते माणसाच्या खिशाला झेपत नाहीत म्हणून नव्हे, वीस मिनिटांसाठी कोणी ते देणार नाही म्हणून. जे या कारणाने आत आलेच नाहीत त्यांची नोंद कोणत्याही तिकीट खिडकीवर होत नाही, आणि म्हणून वाढलेल्या गर्दीचे आकडे या बाबतीत काहीच सिद्ध करत नाहीत.

उत्पन्नाचा मुद्दा मी थोडक्यात उरकतो. महापालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक ७० हजार कोटींच्या वर गेले आहे. त्यात राणीच्या बागेच्या फाटकावर जमणारे काही कोटी शहर चालवण्यासाठी लागतात असा दावा कोणी गांभीर्याने करू शकत नाही. शिवाय प्राण्यांच्या विभागाचे तिकीट मी काढा म्हणत नाही. ज्याला पेंग्विन पाहायचे आहेत त्याने त्यासाठी पैसे द्यावेत, हे न्याय्यच आहे. ज्याला कैलासपतीच्या झाडाखाली बसायचे आहे त्याने पेंग्विनच्या वातानुकूलनाचा वाटा का उचलावा?

विनामूल्य केले की नासधूस होईल, कचरा होईल, झाडांवर नावे कोरली जातील, ही भीती खोटी नाही. मुंबईतल्या अनेक उद्यानांत हे रोज दिसते. पण तिकीट काढून आत आलेले लोकही झाडांवर नावे कोरतात. नासधूस थांबते ती माळी, रखवालदार आणि मार्गदर्शक यांच्या उपस्थितीने, आणि त्याहून अधिक रोज येणाऱ्या माणसांच्या नजरेने. बंगळुरूच्या लालबागेचा पाया हैदरअलीने स्वतःच्या शाही बागेसाठी घातला. तीही आज सर्वांची आहे, आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांना तिथे तिकीट पडत नाही. त्या सकाळच्या माणसांमुळे लालबागेचे नुकसान झाले की तिला पहारेकरी मिळाले?

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे भांडायचे आहे. वनस्पती आधी, असे म्हणणाऱ्यांत एक प्रवृत्ती नेहमी असते : बाग ही अभ्यासाची जागा आहे, गर्दीला दूर ठेवा. लंडनजवळच्या क्यू उद्यानाचा इतिहास याची साक्ष देतो. राजघराण्याची ही खासगी मालमत्ता १८४० मध्ये राष्ट्राची झाली, पण सकाळची वेळ संशोधनासाठी राखून लोकांना दुपारनंतरच सोडले जाई. १८७० च्या दशकात आसपासच्या रहिवाशांनी सकाळीही फाटक उघडण्याची मागणी लावून धरली, तेव्हा संचालक जोसेफ हूकर यांनी कडवा विरोध केला. उद्यानाचे मुख्य काम विज्ञानाचे, करमणुकीचे नव्हे, असे त्यांचे मत होते. हूकर थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते यात शंका नाही, आणि या वादात ते चुकीच्या बाजूला होते यातही नाही. जनतेच्या पैशावर चाललेली बाग जनतेपासून राखून ठेवता येत नाही. पुढे १९१६ मध्ये क्यूला एका पेनीचे तिकीट लागले. आज ते २० पौंडांच्या वर आहे, आणि त्याच वेळी सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांसाठी १ पौंडाचे तिकीट ठेवावे लागले आहे. फाटकावर एकदा गल्ला मांडला की तो कुठवर जातो आणि मग कोणाला सवलतीच्या रांगेत उभे राहावे लागते, हे यातून दिसते. ज्या शहरात माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरही भरत नाही, तिथे सुमारे ५० एकरांची जुनी बाग पास आणि सवलतींच्या हिशेबात अडकवणे मला मान्य नाही.

आता संग्रहालयाकडे वळतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयावर अभिजनांचे म्हणून टीका होते. २००३ मध्ये महापालिका, वारसा-जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात संग्रहालयाच्या जतनासाठी करार झाला. सार्वजनिक मालमत्ता अशा भागीदारीत देताना जी सावधगिरी हवी तिची मागणी करणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आणि त्यांचे प्रश्न वैध आहेत. सार्वजनिक वास्तूच्या कारभाराचा हिशेब लोकांना मागता आलाच पाहिजे. पण त्या कराराने काय घडले तेही डोळ्यांसमोर ठेवावे लागते. पडझडीला आलेली वास्तू पूर्ववत झाली, २००५ मध्ये तिच्या जतनाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये ती पुन्हा उघडली, आणि त्यानंतर सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट यांच्यासारख्या आजच्या कलावंतांनी जुन्या संग्रहाशी संवाद साधणारी प्रदर्शने तिथे मांडली. महापालिकेच्या मालकीच्या वास्तूत, भायखळ्यासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, आजची कला पाहायला मिळते ही या शहराने अभिमानाने सांगण्याची गोष्ट आहे. माझी तक्रार निराळी आहे. बाग आणि संग्रहालय एका आवारात असून एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. दोघांचे तिकीट वेगळे, प्रेक्षक वेगळे, भाषा वेगळी. वाघाच्या रांगेत उभे असलेले कुटुंब संग्रहालयाच्या पायऱ्या चढत नाही, आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आलेला रसिक मागच्या झाडांत जात नाही. संग्रहालयालगत उभ्या असलेल्या दगडी हत्तीला तर दोघेही ओलांडून जातात. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून दिले तो हा हत्ती. इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तो फुटला आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून उभा केला गेला. संग्रहालयात कारागिरांच्या आणि निरनिराळ्या व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. त्या सुताराने कोणते लाकूड वापरले, त्या रंगाऱ्याचा रंग कोणत्या सालीतून आला, हे बाहेरच्या झाडाकडे बोट दाखवून सांगता येते. जे. जे. कला महाविद्यालय इथून दूर नाही. तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्षभर एकेका झाडाची चित्रे काढावीत आणि ती संग्रहालयात लागावीत, याला कोणत्या परदेशी सल्लागाराची गरज आहे?

शेवटचा आक्षेप वसाहतवादाचा. ही बाग, हे संग्रहालय ब्रिटिशांच्या व्यापाराची हत्यारे होती. इथल्या कोणत्या वनस्पतीतून किती नफा निघेल हे मोजण्यासाठी ती उभारली, मग त्यांच्या मूळ हेतूची एवढी आस्था कशाला? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यातले तथ्य निर्विवाद आहे. पण तो इथल्या माणसांना इतिहासातून पुसून टाकतो. या कामासाठी पैसा आणि प्रतिष्ठा खर्च करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेठ होते, डेव्हिड ससून होते, आणि ज्यांचे नाव १९७५ मध्ये संग्रहालयाला दिले गेले ते डॉ. भाऊ दाजी होते. गोव्यातल्या मांद्र्याला जन्मलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेला हा माणूस अजिंठ्याचे शिलालेख वाचत होता आणि त्याच वेळी कुष्ठरोगावर देशी वनस्पतीच्या बियांचे तेल वापरून पाहत होता. वनस्पती आणि कला या दोन गोष्टी एका आवारात का असाव्यात याचे उत्तर त्यांच्या कामात आहे, आणि ते उत्तर कोणत्याही गव्हर्नरने दिलेले नाही. हेतू साहेबांचा होता म्हणून बाग साहेबांची राहत नाही. ती कोणाची होते हे पुढच्या पिढ्या तिचे काय करतात यावर ठरते.

आणि पुढच्या पिढीने काय केले याचा पुरावा फार जुना नाही. २००७ च्या सुमारास महापालिकेने आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचा शेकडो कोटींचा आराखडा पुढे आणला. तो तसाच अमलात आला असता तर बागेच्या मूळ रचनेचे आणि जुन्या झाडांचे काय झाले असते, हे नकाशावर स्पष्ट दिसत होते. त्याला विरोध केला तो नागरिकांनी. त्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. त्यांनी झाडे मोजली, प्रजाती ओळखल्या, नोंदी केल्या, वारसा समितीपुढे बाजू मांडली आणि आराखडा बदलायला लावला. झाडांची ओळख त्यांना एका सहलीत झालेली नव्हती. वर्षानुवर्षे बागेत येत राहिल्यामुळे कोणते झाड कुठे आहे आणि ते गेले तर काय जाईल हे त्यांना ठाऊक होते. विनामूल्य फाटकाच्या बाजूने माझ्याकडे याहून मोठा युक्तिवाद नाही. पन्नास रुपये देऊन वर्षातून एकदा येणारा ग्राहक बागेसाठी समितीपुढे उभा राहत नाही.

आज पुन्हा विस्ताराची भाषा चालू आहे. शेजारच्या गिरणीची काही एकर जमीन बागेला मिळण्याच्या निमित्ताने चित्ता, जॅग्वार, लेमूर अशा परदेशी प्राण्यांची नावे घेतली गेली आहेत. त्या जमिनीवर माझी मागणी अशी की तिथे नवे परदेशी प्राणी न आणता जुन्या बागेतले शक्य तेवढे पिंजरे तिकडे हलवावेत, तिकीट खिडकी त्या फाटकावर न्यावी, आणि मूळ आवार मोकळे करावे. बागेविषयीच्या प्रत्येक बांधकामाच्या निर्णयात वनस्पतिशास्त्रज्ञाचा शब्द पशुवैद्यकाच्या आणि अभियंत्याच्या बरोबरीने चालावा. दरवर्षी किती झाडे पडली, किती तोडली, किती लावली आणि कोणत्या जातीची, याची यादी मराठीत फाटकावर लावावी. यातल्या एकाही गोष्टीला नवे अंदाजपत्रक लागत नाही, आणि जमिनीचा निर्णय होण्यापूर्वी ही मागणी महापालिकेपुढे लेखी पोहोचली पाहिजे.